कचहरीतला जून

सकाळी 5.30

नौतपा संपला तरी नवा रायपूरची रात्र काही गार होत नाही. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की पुढचे नऊ दिवस छत्तीसगडात सगळे जपून वागतात. मेच्या शेवटी सुरू होणारा हा नौतपा जूनच्या पहिल्या दिवसांत सरतो, ऊन मात्र पाऊस येईपर्यंत तसंच राहतं. रात्री पाण्यात ठेवलेला भात, वर मीठ, कांदा आणि हिरवी मिरची, म्हणजे बासी, हाच इथला उन्हाळ्यातला नाश्ता. आम्ही तिघी सेक्टर 27 मधल्या हाउसिंग बोर्डाच्या घरात भाड्याने राहतो. आमच्यापैकी फक्त मी गोंदियाची. बासी खाऊन निघालं की दुपारपर्यंत डोकं शांत राहतं, हे मला इथेच कळलं.

कोट घडी करून पिशवीत ठेवते. वकिलासोबत काम करणाऱ्या विद्यार्थ्याने पांढरा शर्ट, काळा टाय, काळा कोट घालावा असा बार कौन्सिलचा नियम आहे. पण उन्हाळ्यात सर्वोच्च आणि उच्च न्यायालय सोडून इतरत्र वकिलांनाही कोटाची सक्ती नसते. मी ज्या वकिलांकडे इंटर्नशिप करते ते आमचे सर म्हणतात, "बाळ, आत जाताना घाल, बाहेर आलीस की काढ."

सकाळी 7.30

रायपूरला जाणारी बस. एका बाजूला मंत्रालयाचं महानदी भवन, मधे मोकळे रुंद रस्ते आणि लांबवर जुन्या गावांची कौलं. अभनपूरहून इथून जाणारी मेमू गाडी मार्च 2025 मध्ये सुरू झाली, पण कचहरीच्या, म्हणजे न्यायालयाच्या, वेळेला मला बसच बरी पडते.

बसमध्ये वर्गाचा ग्रुप उघडते. कुणी दिल्लीतल्या लॉ फर्ममध्ये, कुणी मुंबईत. माझी खोलीसोबतीण ट्रिपल आयटीची. बंगळूरच्या कंपनीचं काम ती घरूनच करते आणि महिन्याकाठी तिला विद्यावेतन मिळतं. मला मिळत नाही. पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमात किमान 20 आठवडे इंटर्नशिप करावी लागते, एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त नाही, आणि एकदा तरी खटले चालवणाऱ्या वकिलाकडे बसायलाच हवं. हिदायतुल्ला राष्ट्रीय विधी विद्यापीठातले आम्ही बहुतेक जण हा शेवटचा भाग लवकर उरकायच्या मागे असतो. मला मात्र वाटतं, याच भागाला सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा. तो बिनपगारी असल्यामुळे ज्यांच्या घरून बसभाडं आणि खोलीभाडं येतं त्यांनाच परवडतो, ही गोष्ट मला बोचते.

सकाळी 9.00

कचहरी चौकाजवळ सरांचं ऑफिस. सर रायपूरच्या जुन्या मराठी घरातले. ते माझ्याशी मराठीत बोलतात, मुन्शीजींशी हिंदीत आणि पक्षकारांशी छत्तीसगढीत. टेबलावर दोन पुस्तकं शेजारी शेजारी असतात, जुनी दंड प्रक्रिया संहिता आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. त्या तारखेआधीच सुरू झालेले खटले जुन्या संहितेनेच चालू आहेत, त्यामुळे फाईल उघडली की आधी खटल्याची तारीख बघायची.

आजची फाईल मोटारसायकल चोरीची. आरोपी एकोणीस वर्षांचा, आरंगकडच्या गावातला. सर विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर असल्याने हे काम आरोपीसाठी मोफत आहे. मुलाला जामीन मंजूर झाला, तरी तो अजून मध्यवर्ती कारागृहातच आहे.

सकाळी 11.00

न्यायदंडाधिकाऱ्यांचं कोर्ट. अटकेनंतर चोवीस तासांच्या आत माणसाला इथे उभं करावंच लागतं. संविधानाच्या अनुच्छेद 22 मधलं हे कलम मी परीक्षेत कितीदा लिहिलं आहे. इथे ते शिपायाच्या हातातल्या दोरीला धरून चालत येतं. अनवाणी असतं, आणि आपला वकील कोण ते त्याला माहीत नसतं. एकेका माणसाच्या वाट्याला फार थोडा वेळ येतो. त्या वेळात सर एकच प्रश्न स्पष्ट विचारतात, "घरी कळवलं का?"

दुपारी 1.30

जेवणाच्या सुटीत टायपिंगच्या टपरीमागच्या कडुलिंबाखाली बसतो. टाईप करणारी मुलगी गरियाबंदकडची, रायपूरच्या एका कॉलेजात बी.ए. करते. सुटीचे चार पैसे ती इथे कमावते. पण तिची सुटी इथे सुरू झालेली नाही. मे महिन्यात ती गावी तेंदूपत्ता तोडायला गेली होती.

गोंदियाच्या माणसाला हे काम परकं नाही. आमच्याकडे पुडक्यात 70 पानं बांधतात, तिच्याकडे गड्डीत 50. पहाटे अंधारात जंगलात शिरायचं, ऊन चढायच्या आत तोडून घरी यायचं, सगळ्या घराने बसून पानं मोजून बांधायची आणि दुपारनंतर फडावर, म्हणजे खरेदी केंद्रावर, न्यायची. फडमुंशी गड्ड्या मोजून कार्डावर नोंद करतो. हजार गड्ड्यांचा एक मानक बोरा, आणि 2024 पासून छत्तीसगड सरकार त्याला 5,500 रुपये देतं. म्हणजे गड्डीला साडेपाच रुपये, पानाला अकरा पैसे. ही खरेदी करणाऱ्या लघु वनोपज संघाचं मुख्यालय नवा रायपूरमध्येच आहे.

"फी निघते का?" मी विचारलं.

"फी निघते, दीदी. किताबं आणि भाडं इथून."

महाविद्यालयीन मुलांच्या उन्हाळी कामांची चर्चा होते तेव्हा या कामाचं नाव कुणी घेत नाही. त्यात प्रमाणपत्र नाही, बायोडेटात लिहायला ओळ नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधान इंटर्नशिप योजना आली, तेव्हा तीत आयआयएम, ट्रिपल आयटी, राष्ट्रीय विधी विद्यापीठं यांच्या पदवीधरांना वगळलं. आमच्या नवा रायपूरमधल्या तिन्ही मोठ्या संस्था बाहेर राहिल्या. ग्रुपवर तेव्हा नाराजी होती. मला ते वगळणं योग्य वाटतं. ती जागा पदवीनंतर टाईप करणाऱ्या या मुलीला मिळावी, मला नको. योजना आली तेव्हा जागा बारा महिन्यांची, महिन्याला 5,000 रुपयांची आणि वयाची अट 21 ते 24 अशी होती. मी तिला कागदावर सगळं लिहून दिलं.

दुपारी 3.30

मुलाची आई आली आहे, हातात ऋणपुस्तिका. छत्तीसगडात जामीनदार उभा करायचा तर सहसा जमिनीची ही पुस्तिका दाखवतात. ती घाईने छत्तीसगढीत बोलते, निम्मं माझ्या हाती लागत नाही. टाईप करणारी मुलगी काम थांबवून ऐकते आणि मला सांगते: जमीन अजून सासऱ्याच्या नावावर आहे, सासरा कधीच वारला, फौती, म्हणजे वारसांच्या नावे नोंद, झालेली नाही. म्हणून पुस्तिका चालली नाही. दुसरा जामीनदार मिळत नाही, कारण गावात ज्याची मोटारसायकल गेली तोच मोठा शेतकरी.

"कब छूटही?" आई तिला विचारते.

सरांनी मला एक आदेश शोधायला लावला. सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 रोजी सांगितलं आहे की जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं, आणि स्थानिक जामीनदाराची अट शक्यतो घालू नये. नव्या संहितेचं कलम 484 सांगतं, जातमुचलक्याची रक्कम अवाजवी नसावी. दोन्हींचा आधार घेऊन अट शिथिल करण्याचा अर्ज मी हिंदीत लिहिला, सरांनी तीन वाक्यं कापली, तिने टाईप केला. फौतीसाठी तहसील कार्यालयात काय द्यायचं ते तिनेच आईला समजावलं. अर्ज दाखल झाला. सुनावणी सोमवारी.

संध्याकाळी 6.30

परतीची बस, खिडकीतून अजून गरम वारा.

रात्री 9.00

इंटर्नशिपची डायरी. आज एक पान पुरत नाही, ऋणपुस्तिका आणि फौती यांवरच दीड पान जातं. कुठल्याही पाठ्यपुस्तकात जामिनाच्या प्रकरणाला जोडून जमिनीच्या नोंदींचं प्रकरण मी वाचलेलं नाही.

मग आम्हा घरातल्या तिघींचा बस्तरचा बेत. शुक्रवारी रात्री जगदलपूरची बस, साधारण 300 किलोमीटर, धमतरी, कांकेर, केशकाल घाट करत. पहिल्या दिवशी कांगेर खोऱ्यातली कुटुमसर गुहा, मग तीरथगड, शेवटी चित्रकोट. उशीर करता येत नाही, कारण पावसाळा लागला की गुहेत पाणी शिरतं आणि ती थेट हिवाळ्याच्या तोंडावर उघडते. चित्रकोटचं उलटं, इंद्रावतीला जितकं पाणी जास्त तितका धबधबा रुंद. परत यायचं ठरलंय मंगळवारी.

सोमवारी सुनावणी आहे. सरांनी थांब म्हटलेलं नाही, ते एकटे सहज उभे राहतील. तरी अर्ज माझ्या हातचा आहे, आणि न्यायाधीशांनी काय विचारलं ते मला स्वतः ऐकायचं आहे. दोघींना लिहिलं: तुम्ही शुक्रवारी निघा, गुहा बघून घ्या. मी सोमवारी रात्रीच्या बसने येते, मंगळवारी चित्रकोटला भेटू, परतीचं तिकीट एक दिवस पुढे ढकला.

खोलीसोबतिणीने लगेच तिकिटं बदलली.