जबड्याचे हाड आणि काडेपेटी

हाडांच्या आणि सांध्यांच्या विकारांवर बोला, असे व्याख्यानमालेच्या चालकांनी सुचविले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा संधिवात, गुडघेदुखी आणि मणक्याची झीज असावी. त्या विषयावर सांगण्यास आमच्यापेक्षा अधिकारी डॉक्टरमंडळी या गावात पुष्कळ आहेत. आम्ही डॉक्टर नाही. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण गेटसभांत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा ज्या बाजूने आम्हांला हा विषय दिसतो त्या बाजूनेच तो मांडणे बरे. हाडांचा एकच रोग आम्ही निवडला आहे. तो एका धंद्याबरोबर जगात आला आणि त्या धंद्याची रीत बदलताच गेला. काडेपेटीच्या कारखान्यांतील कामगारांचा जबडा कुजत असे, तो हा रोग. इंग्लंडातील कामगार त्याला 'फॉसी जॉ' म्हणत. फॉस्फरसचे बोलीतले ते लाडके रूप, एवढाच त्याचा अर्थ. बाकी त्यात लाडाचे काही नव्हते.

आधी हाडाविषयी थोडे सांगितले पाहिजे. आपल्यापैकी बहुतेकांची समजूत अशी असते की, हाड म्हणजे घराच्या तुळईसारखी निर्जीव वस्तू. एकदा बसविली की मोडेपर्यंत तशीच राहते. वस्तुस्थिती निराळी आहे. हाड जिवंत असते. त्यात रक्त खेळते आणि त्याची मोडतोड व बांधणी रात्रंदिवस चालू असते. एका जातीच्या पेशी जुने हाड कुरतडून काढतात, दुसऱ्या जातीच्या पेशी त्या जागी नवे हाड रचतात. रस्तेदुरुस्ती खात्याची एक टोळी उखडीत जावी आणि मागून दुसरीने भरीत यावे, तसे हे काम असते. फरक इतकाच की येथे दुसरी टोळी वेळेवर येते. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दर वर्षी असा नवा होतो. उखडणारी टोळी थांबली तर हाड टिकेल असे वाटते. पण थकलेले, बारीक तडे गेलेले जुने हाड जागीच राहते आणि त्याची डागडुजी होत नाही.

सगळ्या हाडांत जबड्याची स्थिती नाजूक. दात हाडात रुतलेले, त्यांवर हिरडीचे पातळ आवरण, आणि वर तोंडातील जंतूंची वस्ती. दात किडला किंवा काढला की बाहेरचे जग थेट हाडापर्यंत पोचते. शिवाय चावण्याचा ताण रोजचा, म्हणून डागडुजीची गरजही येथे अधिक.

आता काडेपेटीकडे वळू. घासताच पेटणारी काडी 1827 च्या सुमारास इंग्लंडात विक्रीस आली. तिच्यात फॉस्फरस नव्हता. 1830 नंतर मात्र पांढरा फॉस्फरस वापरण्याची युक्ती युरोपभर पसरली. ही काडी भिंतीवर, बुटाच्या तळव्यावर, कोठेही ओढली की पेटे; म्हणून लोकांना ती फार आवडली. कारखान्यात फॉस्फरस, सरस आणि इतर द्रव्ये यांचा गरम लगदा करून त्यात काड्यांची टोके बुडवीत. त्या लगद्यातून वाफ निघे. बुडविणारे, सुकविणारे आणि पेट्या भरणाऱ्या बायका-पोरी दिवसाचे दहा-बारा तास त्या वाफेत असत. जेवणाची निराळी जागा नसे. कामाच्या बाकावरच, त्याच हातांनी भाकरीचा तुकडा मोडावा लागे.

काही वर्षे अशी गेली की दाढ दुखू लागे. हिरडी सुजे, दात हलू लागे. दात काढला की जखम भरत नसे. उलट पू वाहू लागे आणि त्याला इतकी दुर्गंधी असे की घरच्या माणसांनाही शेजारी बसवेना. गालाबाहेर छिद्रे पडत. आत जबड्याचे हाड मरून सुटे होई. शस्त्रवैद्य ते मेलेले हाड काढून टाकीत. कित्येकांचा सगळा खालचा जबडा काढावा लागला. जगलेल्या माणसाचा चेहरा ओळखू येत नसे, आणि पुढचे सगळे आयुष्य पातळ पेजेवर.

या रोगाचे कारण फार काळ अज्ञात राहिले, म्हणून तो चालला, असे कोणी समजू नये. व्हिएन्नातील लोरिन्सर नावाच्या डॉक्टराने 1845 मध्येच काडी-कामगारांचे असे रोगी पाहून फॉस्फरसकडे बोट दाखविले होते. उपायही जवळजवळ त्याच वेळी हाती आला. त्याच दशकात तांबडा फॉस्फरस तयार करण्याची रीत सापडली. तो वाफाळत नाही आणि विषारीही नाही. 1844 मध्ये स्वीडनच्या पाश याने आणि पुढे लुंडस्ट्रम बंधूंनी 'सुरक्षित काडी' काढली. आज आपल्या स्वयंपाकघरात असते ती हीच. हिच्यात तांबडा फॉस्फरस पेटीच्या कडेला असतो, काडीच्या टोकावर नसतो. म्हणूनच ती भिंतीवर ओढून पेटत नाही. लंडनच्या ब्रायंट अँड मे कंपनीने तर या काडीचे हक्क 1850 नंतरच्या दशकातच विकत घेतले होते आणि ती तयारही करीत होती. पण शेजारच्या बाकांवर पांढऱ्या फॉस्फरसची काडी चालूच राहिली, कारण ती स्वस्त पडे आणि जास्त खपे.

मग दोष कोणाला द्यायचा? तो दातांना दिला गेला. ज्याचे दात किडके त्याला हा रोग होतो, असे निरीक्षण होते, आणि ते खोटेही नव्हते. परंतु त्यातून निष्कर्ष असा काढला गेला की, कामगाराने दात सांभाळावेत. दाढ दुखते म्हणणाऱ्या मुलीला दात काढून घे, नाहीतर कामावर येऊ नकोस, असे सांगण्यात येई. वाफ तशीच राहिली, दात मात्र गेले. हा युक्तिवाद आमच्या परिचयाचा आहे. चाळीस वर्षे पाठीवर पोती वाहिलेल्या हमालाचे गुडघे निकामी होतात तेव्हा 'वय झाले' असे सांगतात. त्याच वयाच्या पेढीवरच्या दिवाणजींचे गुडघे का शाबूत, हे कोणी विचारीत नाही. जड ओझे उचलणे आणि तासन्‌तास उकिडवे वा गुडघे टेकून काम करणे यांनी गुडघ्याचा सांधा लवकर झिजतो, हे आता वैद्यकाला पुरते मान्य आहे. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने 1967 मध्येच पुरुषाने हाताने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा 55 किलोवर आणावी अशी शिफारस केली. आपल्याकडे क्विंटलचे पोते त्यानंतरही कित्येक वर्षे एकाच पाठीवर चढत होते.

पुन्हा लंडनला जाऊ. ब्रायंट अँड मेच्या कारखान्यातील मुलींची कैफियत 23 जून 1888 रोजी 'द लिंक' या छोट्या साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. लिहिणाऱ्या होत्या ॲनी बेझंट. त्याच पुढे हिंदुस्थानात आल्या, 1916 मध्ये होमरूल लीग काढली आणि 1917 मध्ये कलकत्त्याच्या काँग्रेसच्या अध्यक्षा झाल्या. त्यांच्या लेखात सर्वांत जास्त जागा दंडाला दिली आहे: पाय मळके म्हणून दंड, बाक अस्ताव्यस्त म्हणून दंड, बोलली म्हणून दंड, आणि तोही आठवड्याला चार शिलिंग मिळविणाऱ्या पोरीला. कंपनीने लेखातील मजकूर खोटा असल्याचे कागद मुलींपुढे सहीसाठी ठेवले. त्यांनी सह्या केल्या नाहीत. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका मुलीला काढून टाकल्यावर सुमारे चौदाशे बायका आणि पोरी बाहेर पडल्या. हा संप बेझंटबाईंनी पुकारला, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. वास्तविक त्यांचा भर त्या काड्या विकत घेऊ नका, असे ग्राहकांना सांगण्यावर होता. संप बायकांनीच केला आणि मग त्या बाईंकडे मदतीला गेल्या. ज्याने गेटवर उभे राहून संप पाहिला आहे त्याला यात नवल वाटणार नाही.

दोन-अडीच आठवड्यांत तडजोड झाली. दंड बंद झाला, काढलेल्या कामावर आल्या, बायकांची संघटना मान्य झाली. तडजोडीतील एका कलमाकडे आमचे लक्ष विशेष जाते: जेवणासाठी स्वतंत्र खोली. दिसायला ही किरकोळ सोय. पण लगद्याच्या वाफेपासून घास दूर नेणारी ही गोष्ट हाडांच्या दृष्टीने दंडमाफीइतकीच मोलाची होती.

तरीही पांढरा फॉस्फरस गेला नाही. 1891 मध्ये साल्व्हेशन आर्मीने लंडनमध्ये तांबड्या फॉस्फरसचा कारखाना काढून दाखविला. माल महाग पडला आणि दहा वर्षांत तो बंद झाला. 1898 मध्ये ब्रायंट अँड मेवर रोगाचे प्रकार सरकारला न कळविल्याबद्दल खटला झाला. सतरा प्रकार दडविलेले निघाले, त्यांतले सहा जण मेले होते. दंड पंचवीस पौंडांच्या घरात झाला.

शेवट केला तो कायद्याने. फिनलंडने 1872 मध्ये आणि डेन्मार्कने 1874 मध्ये बंदी घातली होती. पण एकट्या देशाने बंदी घातली की शेजारचा स्वस्त माल आत येतो, ही अडचण होती. म्हणून 1906 मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथे राष्ट्रांनी मिळून करार केला. इंग्लंडने त्या वेळी सही केली नाही. 1908 मध्ये कायदा केला आणि 1910 पासून तो अंमलात आला. अमेरिकेने 1912 मध्ये शंभर काड्यांमागे दोन सेंट कर बसवून हा धंदाच न परवडणारा केला. हिंदुस्थानात 1913 मध्ये बंदीचा कायदा झाला. अंबरनाथला स्वीडिश भांडवलाचा काडेपेटीचा मोठा कारखाना उभा राहिला तो 1920 नंतर. तेथील कामगारांच्या इतर तक्रारी काय असतील त्या असोत, पांढऱ्या फॉस्फरसची काडी त्यांच्या वाट्याला येण्याआधीच बंद झाली होती. कारण कळल्यापासून इंग्लंडात बंदी लागू होईपर्यंत पासष्ट वर्षे गेली.

येथे गोष्ट संपावयास हवी होती. परंतु 2003 मध्ये अमेरिकेतील दंतशल्यवैद्यांना तसाच जबडा पुन्हा दिसू लागला: दात काढल्यावर न भरणारी जखम, उघडे पडलेले मेलेले हाड. रोगी कारखान्यातले नव्हते. कर्करोग हाडात पसरल्यामुळे किंवा उतारवयात हाडे ठिसूळ झाल्यामुळे ते बिस्फॉस्फोनेट नावाच्या वर्गातील औषधे घेत होते. ही औषधे हाड उखडणाऱ्या पेशींना आवर घालतात आणि त्यामुळे हाडे मोडण्याचे प्रमाण खरोखर कमी होते. त्यांच्यातही फॉस्फरस आहे. काडी-कामगारांच्या शरीरात त्या वाफेपासून असेच काही द्रव्य बनत असावे, असा तर्क काही संशोधकांनी मांडला आहे. आणखी एक साम्य आहे. काडी-कामगारांच्या मांडीचे हाड किरकोळ धक्क्याने मोडल्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाल्या होत्या. ही औषधे फार वर्षे घेणाऱ्यांतही क्वचित मांडीचे हाड असेच मोडते.

या वेळी मात्र पासष्ट वर्षे लागली नाहीत. दोन-तीन वर्षांतच औषधांच्या माहितीपत्रकांत इशारे छापले गेले आणि दंतवैद्य प्रश्न विचारू लागले. रोगी आता डॉक्टरांच्या दिवाणखान्यात बसणारे होते, हेही त्याचे एक कारण असावे, असे आम्हांला वाटते.

श्रोत्यांत साठीपुढची मंडळी बरीच आहेत आणि त्यांपैकी काहींना आठवड्याला एक गोळी किंवा वर्षाला एक इंजेक्शन हाडांसाठी चालू असेल. त्यांनी घाबरून ते बंद करू नये. हाडांच्या ठिसूळपणासाठी दिलेल्या मात्रेत हा धोका फार विरळा आहे, आणि म्हातारपणी खुब्याचे हाड मोडणे हे संकट त्याहून कितीतरी मोठे. कर्करोगासाठी मोठ्या मात्रेत इंजेक्शने घेणाऱ्यांनी मात्र अधिक जपावे. औषध सुरू होण्यापूर्वी दात तपासून, काढावयाचे ते काढून आणि जखमा भरू देऊन घ्याव्यात. नंतर कधी दात काढण्याची वेळ आली तर खुर्चीत बसताच दंतवैद्यांना औषधाचे नाव आणि ते किती वर्षे चालू आहे ते सांगावे. चिठ्ठी बरोबर नेली तर उत्तम.