बाळ 'करलं' का म्हणतं?

ज्यांचा एपिसोड लोकलच्या गर्दीत अर्धाच ऐकून झाला, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. आजचा विषय: लहान मुलं बोलायला कशी शिकतात? आणि आपला फोन त्यांना ते शिकवू शकतो का?

घरात अडीच-तीन वर्षांचं पोर असेल तर 'मी करलं' हे तुम्ही नक्की ऐकलं असणार. आपण हसतो आणि सोडून देतो. पण विचार करा, घरातलं कोणीच 'करलं' म्हणत नाही. मग पोरानं ते उचललं कुठून? ते त्यानं स्वतः बनवलंय. भरणे-भरलं, धरणे-धरलं, मारणे-मारलं, मग करणे-करलं! व्याकरणाचं पुस्तक न उघडता त्यानं नियम शोधला आणि लावला. आता 'केलं' हा अपवाद निघाला, त्याला ते बिचारं काय करणार?

१९५८ साली अमेरिकेत जीन बर्को यांनी हेच तपासलं. मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं आणि सांगितलं, हा 'वग'. मग दोन प्राणी दाखवून विचारलं, आता हे काय? बहुतेक मुलं म्हणाली, 'वग्ज'. हा शब्द त्यांनी आयुष्यात ऐकलेला असणं शक्यच नव्हतं. म्हणजे अनेकवचनाचा नियम त्यांच्या डोक्यात तयार होता.

हे काम सुरू होतं फार लवकर. आपण बोलताना दोन शब्दांच्या मध्ये थांबत नाही, सगळं सलग वाहत असतं. मग शब्द कुठे संपला हे बाळाला कळतं कसं? १९९६ मध्ये जेनी सॅफ्रन आणि सहकाऱ्यांनी ८ महिन्यांच्या बाळांना बनावट शब्दांची सलग, एकसुरी रांग फक्त २ मिनिटं ऐकवली. कोणती अक्षरं नेहमी जोडीनं येतात, हे बाळांनी तेवढ्यात टिपलं. मी पेशानं सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे हे वाचून थक्कच झालो. आजच्या चॅटबॉटला बोलतं करायला अब्जावधी शब्दांचा मजकूर लागतो. बाळाचं त्याच्या अगदी छोट्या हिश्शात भागतं.

दुसरीकडे, नको ते गाळणंही चालू असतं. १९८४ चा जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांचा कॅनडातला प्रयोग आपल्या जवळचा आहे. 'ताक' आणि 'टाक' यांतला फरक आपल्याला सहज कळतो, पण इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना 'त' आणि 'ट' वेगळे ऐकू येणं अवघड जातं. इंग्रजी घरांतली ६ ते ८ महिन्यांची बाळं मात्र हिंदीतले हे आवाज वेगळे ओळखत होती. १० ते १२ महिन्यांच्या बाळांमध्ये ती क्षमता जवळजवळ गेली होती.

मग लहानपणीच यूट्यूब लावून दिलं तर? पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये ९ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी मँडरिन ऐकवली. काहींसमोर माणूस बसून बोलला, खेळला. अशी १२ सत्रं झाली आणि ती बाळं मँडरिनचे आवाज ओळखू लागली. काहींना तेच टीव्हीवर दाखवलं किंवा नुसतं ऐकवलं. ती काहीच शिकली नाहीत.

पण दोष सगळा स्क्रीनचा नाही. २०१४ च्या एका अभ्यासात दोन-अडीच वर्षांची मुलं व्हिडिओ कॉलवर नवी क्रियापदं शिकली. समोरच्या माणसाचं आधीच रेकॉर्ड केलेलं बोलणं पाहून मात्र शिकली नाहीत. फरक उत्तराचा आहे. बाळ 'आ' म्हणालं की आजी 'अगं बाई, काय म्हणतंस?' म्हणते. कार्टून आपलंच गाणं म्हणत राहतं. गावाकडच्या आजीचा व्हिडिओ कॉल आणि जेवताना लावलेलं कार्टून, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून करायचं काय? भांडी घासताना, बसची वाट बघताना बाळाशी बोला आणि त्याला उत्तर द्यायला वेळ द्या. ते 'करलं' म्हणालं तर ओरडू नका. 'हो, तू केलंस!' एवढंच म्हणा, योग्य रूप आपोआप कानावर पडतं.

एक गोष्ट गंभीरपणे घ्या. वर्षाचं होऊनही बाळ 'बाबा-दादा' असं बडबडत नसेल, दीड वर्षापर्यंत एकही शब्द नसेल किंवा दोन वर्षांपर्यंत 'आई ये' असे दोन शब्द जोडत नसेल, तर 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणत थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कान तपासून घ्या. ऐकूच येत नसेल तर हे सगळं शिकणं अडतं, आणि लवकर कळलं तर मदत करता येते.

तुमच्या घरातल्या पोरानं बनवलेलं असं एखादं क्रियापद आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटूच!