तुमच्या गुरुजींचे गुरुजी कोण?

तुमच्या घरातलं कुणी गाण्याच्या क्लासला जातं का? लेक, भाचा, नातू, की निवृत्तीनंतर हौसेनं पेटी शिकणारे आजोबा? मग प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद ही परीक्षांची नावं तुमच्या कानावरून नक्की गेली असतील. फी भरायची, ठरलेल्या वेळी जायचं आणि गाणं शिकायचं, यात आज आपल्याला काहीच विशेष वाटत नाही.

पण सव्वाशे वर्षांपूर्वी हे इतकं सोपं नव्हतं. गाणं शिकायचं तर गुरूच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं आणि गुरूची मर्जी होईल तेव्हा पदरात पडेल ते घ्यायचं. मध्यमवर्गीय घरांत तर मुलींनी गाणं शिकणं कमीपणाचंच मानलं जाई. ही दारं उघडली ती गाण्याच्या शाळांनी. त्या शाळांचे संस्थापक आपल्याला ठाऊक असतात. मात्र तिथे वर्षानुवर्षं ‘सा’ लावून घेणाऱ्या शिक्षकांची आठवण क्वचितच निघते. आज त्यांच्यापैकी तिघांना भेटूया.

लाहोरहून पुण्याला

कुरुंदवाडचे पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. तिथे काही विद्यार्थ्यांना ते पदरचं जेवूखाऊ घालून शिकवत. अट एकच, शिकून झालं की तुम्हीही शिकवायचं.

मिरजेचे विनायकराव पटवर्धन त्यांपैकीच एक. लहान वयात ते लाहोरला गेले. पुढे आवाज आणि रूप दोन्ही असल्यानं १९२२ मध्ये गंधर्व नाटक मंडळीत आले आणि बालगंधर्वांबरोबर रंगभूमीवर गाजले. १९३१ मध्ये गुरू गेले. पुढच्याच वर्षी विनायकरावांनी नाटक कंपनी सोडली आणि पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं. मैफली चालू राहिल्या, पण दिवसाचे तास विद्यार्थ्यांचे झाले. शिकवता शिकवता त्यांनी ‘राग विज्ञान’चे सात भाग लिहिले. ओडिशाच्या सुनंदा पटनायक गाणं शिकायला पुण्याला आल्या, त्या त्यांच्याचकडे.

त्यांचा आणखी एक विद्यार्थी होता दत्तात्रेय, म्हणजे खुद्द गुरूंचा मुलगा. वडील गेले तेव्हा तो अवघ्या दहा वर्षांचा होता. वडिलांनी जे शिष्यांना दिलं, ते शिष्यांनी मुलाच्या ओंजळीत परत घातलं. तोच पुढे पं. द. वि. पलुस्कर म्हणून देशभर ओळखला गेला. ‘बैजू बावरा’ चित्रपटात उस्ताद अमीर खाँसाहेबांबरोबर ऐकू येतो, तो त्यांचाच आवाज.

लखनौचे ‘अण्णासाहेब’

१९२६ मध्ये पं. भातखंडे यांच्या पुढाकारानं लखनौला मॅरिस कॉलेज सुरू झालं. दोनच वर्षांत त्याची जबाबदारी आली मुंबईच्या श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्याकडे. भातखंडे यांचे हे लाडके शिष्य. बडोद्याला उस्ताद फैयाज खाँसाहेबांकडेही त्यांनी तालीम घेतली होती. असा गवय्या मैफली गाजवत फिरला असता, तर कुणाला नवल वाटलं नसतं. रातंजनकर मात्र जवळजवळ तीन दशकं लखनौच्या वर्गांत रमले.

बेळगावजवळच्या बैलहोंगलचा अकरा वर्षांचा कृष्णा गिंडे त्यांच्या घरी राहूनच शिकला. के. जी. गिंडे, चिदानंद नगरकर, दिनकर कायकिणी, एस. सी. आर. भट, सुमती मुटाटकर ही सगळी रातंजनकरांची शिष्यमंडळी, आणि पुढे ही सगळीच नावाजलेली शिक्षक झाली!

तुम्ही जुनी हिंदी गाणी ऐकता ना? ‘ताजमहल’ आणि ‘बरसात की रात’चे संगीतकार रोशन याच कॉलेजात रातंजनकरांकडे शिकले. मखमली आवाजाच्या तलत महमूद यांनी इथेच भटांकडे धडे गिरवले. म्हणजे शास्त्रीय गाण्याच्या वाटेला आपण कधी गेलो नसलो, तरी या वर्गांचं देणं आपल्या कानांवर आहेच.

मुंबईतली मोकळी शाळा

बी. आर. देवधर हेसुद्धा विष्णु दिगंबरांचेच शिष्य. १९२५ मध्ये त्यांनी मुंबईत ‘स्कूल ऑफ इंडियन म्युझिक’ सुरू केलं. घराण्यांच्या भिंती उंच असण्याचा तो काळ. देवधर मात्र निरनिराळ्या घराण्यांच्या गवयांकडे जात, त्यांचं ऐकत, शिकत, आणि आपल्या विद्यार्थ्यांनाही ऐकू देत.

त्यांच्याकडे अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा आला. ध्वनिमुद्रिका ऐकून मोठमोठ्यांची हुबेहूब नक्कल करणारा हा चमत्कारी बालगायक म्हणजे कुमार गंधर्व. नक्कल सोडून स्वतःचं गाणं शोधायला लागणारा निवांतपणा त्याला या शाळेत मिळाला. देवधरांनी आणखी एक मोठं काम केलं. भेटलेल्या गायक-वादकांची चरित्रं त्यांनी लिहून ठेवली. ‘थोर संगीतकार’ हे त्यांचं पुस्तक आजही आवडीनं वाचलं जातं.

आणि तुमचे गुरुजी?

मैफलीत टाळ्या मिळतात. वर्गात मात्र तोच अलंकार पन्नासाव्यांदा म्हणून घ्यावा लागतो, तोही न चिडता. शिवाय विद्यार्थ्याचं नाव झालं, की लोक त्याचंच गाणं ऐकतात, शिकवणारा मागेच राहतो. हे माहीत असूनही ही माणसं शिकवत राहिली, म्हणून गाणं चार घरांतून चार हजार घरांत गेलं.

तेव्हा पुढच्या वेळी मुलाला क्लासला सोडायला जाल, तेव्हा दोन मिनिटं थांबा. त्याच्या शिक्षकांना विचारा, “तुम्ही कुणाकडे शिकलात? आणि ते कुणाकडे?” कदाचित तो धागा पुण्याला, लखनौला किंवा थेट लाहोरला जाऊन पोहोचेल. नाही पोहोचला, तरी विचारलंत म्हणून गुरुजींचा चेहरा खुलेल. आणि मिळालेलं उत्तर मुलाच्या गाण्याच्या वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवायला विसरू नका!