देवलदेवीची कथा आणि बागलाण : निष्ठा, निषिद्ध प्रेम व साधनांचा प्रश्न

मध्ययुगीन सरदारांच्या प्रेमकथा म्हटल्या की आर्थर राजाचा सरदार लॅन्सलॉट व राणी गिनिव्हर यांची कथा प्रथम आठवते. स्वामिनिष्ठा आणि स्वामीच्या पत्नीवरील प्रेम यांतील संघर्ष हा तिचा गाभा होय. याच जातकुळीची एक कथा आजच्या नाशिक जिल्ह्यातील बागलाण परिसराशी निगडित आहे. गुजरातीत नंदशंकर मेहता यांच्या 'करण घेलो' (१८६६) या कादंबरीने ती रुजवली. मराठीत तिची चर्चा त्या मानाने कमीच झाली.

१२९९ मध्ये अलाउद्दीन खलजीच्या सैन्याने गुजरातवर स्वारी केली. पद्मनाभाच्या 'कान्हडदे प्रबंध' (१४५५) या काव्यानुसार, राजा कर्ण वाघेला याने माधव मंत्र्याच्या भावास ठार करून घरातील स्त्रीचे अपहरण केले आणि सूडाने पेटलेल्या मंत्र्यानेच दिल्लीचे सैन्य आणले. म्हणजे कथेचा आरंभच निष्ठाभंगाने होतो, आणि पहिला निष्ठाभंग सेवकाचा नसून राजाचा आहे. कर्णाची राणी कमलादेवी दिल्लीच्या जनानखान्यात गेली. कर्णाने कन्या देवलदेवीसह बागलाणात, देवगिरीच्या रामदेवराव यादवाच्या आश्रयाने, तग धरला.

यानंतर 'निषिद्ध' काय, याचे उत्तर साधनागणिक बदलते. सतराव्या शतकाच्या आरंभी लिहिणारा फरिश्ता सांगतो की, रामदेवाचा पुत्र शंकरदेव याने देवलदेवीस मागणी घातली. परंतु यादव कुळ आपल्या तोडीचे नाही म्हणून कर्णाने नकार दिला. संकट दाराशी आल्यावर मात्र त्याने होकार दिला. १३०७ च्या मोहिमेत देवगिरीकडे पाठवलेली देवलदेवी वेरूळजवळ खलजी सैनिकांच्या हाती लागली. येथे निषेध कुलाभिमानाचा आहे.

अमीर खुसरौच्या फारसी काव्यात निषेध वेगळा आहे. दिल्लीत आणलेली देवलदेवी तेव्हा सुमारे आठ वर्षांची होती, असे तो सांगतो. पुढे शाहजादा खिज्रखान तिच्यावर अनुरक्त झाला. पण त्याच्या आईला आपला भाऊ अल्पखान याची मुलगी सून म्हणून हवी होती. बागलाणवरील मोहिमेचा सेनापती हाच अल्पखान! हे काव्य मुळात खिज्रखानाच्याच इच्छेवरून लिहिलेले असल्याने कैदेचे रूपांतर प्रेमात होणे कवीला सोयीचे होते, ही बाब अध्यापनात दुर्लक्षित राहू नये. काही इतिहासकारांनी तर संपूर्ण कथाच कल्पित मानली आहे.

यादवांच्या बाजूचे चित्रही एकसंध नाही. इसामीच्या 'फुतूह-उस-सलातीन' (१३५०) नुसार, पुत्र बंडखोर झाला असून आपण एकनिष्ठ आहोत, असा गुप्त निरोप रामदेवाने सुलतानास धाडला होता. आश्रयदाता, पिता व मांडलिक या तीन नात्यांपैकी त्याने शेवटचे निवडले.

१३१६ मध्ये अलाउद्दीन मरण पावला. मलिक काफूरने खिज्रखानास ग्वाल्हेरच्या किल्ल्यात आंधळे केले. पुढे सुलतान झालेल्या मुबारकशाहने देवलदेवीची मागणी केली, खिज्रखानाने ती नाकारली आणि त्याचा वध झाला. खुसरौने ४२०० द्विपदींच्या काव्यास या शेवटाच्या ३१९ द्विपदी जोडल्या आणि त्याच मुबारकशाहच्या गौरवार्थ १३१८ मध्ये 'नुह सिपिहर' पूर्ण केले.