साहेब कुठं आहेत?

हुमनाबादच्या बसस्थानकात सकाळी साडेसातच्या सुमारास गेलात तर बिदर, भालकी आणि कलबुर्गीच्या गाड्यांकडे धावणाऱ्या मुली दिसतील. एखादीच्या सॅकमधून इंजिनिअरिंग ड्रॉइंगचा मिनी ड्राफ्टर डोकावत असतो. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला आणि ही गर्दी वाढली. माझ्या वेळी पासाचे पैसे हा घरातल्या चर्चेचा विषय होता, आणि त्या चर्चेत भावाचं कॉलेज आधी येई. आता बिदरला गुरु नानक देव अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, भालकीला आणि बसवकल्याणला आहे, कलबुर्गीला १९५८ पासूनचं पीडीए महाविद्यालय आहे. कलबुर्गीतच शरणबसव विद्यापीठाचा फक्त मुलींसाठी चालणारा अभियांत्रिकी विभाग आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये बिदर-कलबुर्गी रेल्वे सुरू झाली, तीही हुमनाबादवरून जाते. मुलगी इंजिनिअर होते याचं आमच्या तालुक्यात आता कुणाला नवल वाटत नाही.

मला प्रश्न पडतो तो पुढचा. या मुली जातात कुठे? आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या केमिकल कारखान्यांत पाळीवर, साखर कारखान्याच्या बॉयलरपाशी, हायवेच्या पुलाच्या कामावर त्या क्वचितच भेटतात. पुण्या-हैदराबादच्या आयटी कंपन्यांत काही गेल्या, काही बँकेच्या परीक्षांना बसल्या. बऱ्याच जणींची बी.ई. लग्नाच्या बायोडाटावर चढली आणि तिथेच राहिली.

सिव्हिलच्या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. या क्षेत्रातून बाईला हाकलणारे थोडे, तिची काळजी करून तिला थांबवणारे फार. ‘ऊन फार आहे, तू ऑफिसात बस.’ ‘रात्री काँक्रीट पडणार, तू कशाला थांबतेस?’ ‘मेकॅनिकल नको गं, कॉम्प्युटर घे, मुलीला बरं पडतं.’ बोलणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो, म्हणून त्याला उत्तर देणं जड जातं.

माझी पहिली साइट एका पाण्याच्या टाकीची होती. कॉलमचं लोखंड बांधून झालं होतं आणि ते तपासायला मी गेले होते. सेंट्रिंगवाला वरून ओरडला, “मॅडम, साब नै आए क्या?” ठेकेदारानेही मराठीत तेच विचारलं, साहेब कुठं आहेत? मी म्हटलं, तपासणार मीच आहे. रिंगा सहा इंचांवर हव्या होत्या, त्याने आठवर बांधल्या होत्या. मी सोडायला सांगितल्या. त्याने हो म्हटलं आणि बाजूला जाऊन माझ्या वरिष्ठांना फोन लावला. त्यांनीही सहाच सांगितले, तेव्हा कुठे रिंगा सुटल्या. हा अपमान आहे हे मला त्या दिवशी कळलंसुद्धा नाही, कारण काम तर झालं होतं. पुढच्या साइटवर तेच झालं, त्याच्या पुढच्याही. पुरुष इंजिनिअरचा आकडा एकदा सांगून भागतो. बाईच्या आकड्याला दर वेळी दुसऱ्या सहीची गरज पडते.

त्याच टाकीवर वाळू-खडीची घमेली डोक्यावरून वाहणाऱ्या बायका होत्या. मुकादमासकट सगळे मला सांगत, साइट ही बायकांची जागा नाही, आणि सांगताना त्यांच्यासमोरून बायका शिडी चढत होत्या. बिदर-कलबुर्गीकडच्या मजूर बायकांनी हैदराबाद, पुणे, मुंबईच्या इमारती डोक्यावरून वर नेल्या आहेत. त्या उन्हात होत्या, रात्रीच्या स्लॅबला होत्या, पोर साडीच्या झोळीत टाकून होत्या. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात ५० पेक्षा जास्त बायका कामावर असतील तर पाळणाघराची सक्ती होती. मी तरी आमच्या भागातल्या एकाही साइटवर ते पाहिलेलं नाही. घमेलं घेतलेल्या बाईची काळजी कुणी केली नाही. हातात नकाशा घेऊन बाई आली तेव्हा सगळ्यांना ऊन आठवलं.

आपल्याकडे बाई डॉक्टर लवकर झाली. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये पदवी घेऊन परतल्या, कारण बाईला तपासायला बाई हवी हे समाजाला पटत होतं. इंजिनिअर बाईची अशी गरज कुणाला भासली नाही. पुण्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ चं, पण मुंबईच्या व्हीजेटीआयमधून शकुंतला जोशी स्थापत्य अभियंता होऊन बाहेर पडल्या त्या १९५३ मध्ये. आनंदीबाईंनंतर ६७ वर्षांनी. लग्नानंतरच्या शकुंतला भगत त्या याच. वडील एस. बी. जोशी नामवंत पूल अभियंते होते. शकुंतलाबाईंनी आयआयटी मुंबईत शिकवलं आणि पती अनिरुद्ध भगत यांच्याबरोबर ‘क्वाड्रिकॉन’ कंपनी काढली. पोलादी पुलाचे ठरावीक मापाचे सुटे भाग कारखान्यात करायचे आणि हव्या त्या लांबी-रुंदीला जागेवर जोडायचे, ही त्यांची पद्धत. अवजड यंत्रं पोचत नाहीत अशा डोंगरांत ती उपयोगी पडली. पहिला पूल १९७२ मध्ये हिमाचलातल्या स्पितीत झाला. २०१२ मध्ये त्या गेल्या. मराठी शाळांच्या भिंतींवर शास्त्रज्ञांच्या तसबिरी असतात, त्यांत शकुंतलाबाईंची मला अजून दिसलेली नाही. याचं मला वाईट वाटतं.

त्यांच्या दहा वर्षं आधी, १९४३ मध्ये, मद्रासच्या गिंडी महाविद्यालयातून ए. ललिता विद्युत अभियंता झाल्या. अठराव्या वर्षी विधवा, पदरात चार महिन्यांची मुलगी. वडील त्याच महाविद्यालयात प्राध्यापक. प्रमाणपत्राचा छापील मजकूर पुरुषासाठीच होता, म्हणून सर्वनाम खोडून हाताने स्त्रीलिंगी लिहावं लागलं. भाक्रा-नांगल धरणाच्या विजेच्या कामात त्यांचा हात आहे, पण विधवा बाईने एकटीने साइटवर जाणं त्या काळी प्रशस्त नव्हतं, म्हणून त्यांनी कामाची जागा ऑफिसातली निवडली. ललिता आणि शकुंतला या दोघींच्याही घरात इंजिनिअर बाप होता. ज्यांच्या घरी शेतकरी, शिपाई, दुकानदार बाप आहे त्या मुलींची गोष्ट अवघड आहे, आणि आमच्या बसस्थानकावरच्या बहुतेक मुली याच घरांतल्या.

हुबळीच्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आताच्या सुधा मूर्ती, यांची १९७४ ची हकीकत पुष्कळांना ठाऊक आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्या एम.टेक. करत होत्या आणि टेल्कोच्या जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नये असं लिहिलं होतं. त्यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड धाडलं, पुण्यात मुलाखत झाली आणि कारखान्याच्या शॉप फ्लोअरवर टेल्कोची पहिली महिला इंजिनिअर रुजू झाली. मला याहून महत्त्वाची वाटते ती त्यांनी सांगितलेली, त्याआधीच्या हुबळीच्या कॉलेजातली हकीकत. साडी नेसायची, कँटीनला जायचं नाही, मुलांशी बोलायचं नाही, या अटींवर प्रवेश. आणि सबंध कॉलेजात मुलींसाठी स्वच्छतागृह नव्हतं. पोस्टकार्डाने जाहिरात बदलते. स्वच्छतागृहाला कुणालातरी वीट आणावी लागते.

आजही साइटवर जाणारी मुलगी सकाळपासून पाणी पीत नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि ती दोन घोट पिऊन बाटली ठेवून देते. लघवीची जळजळ, मूतखडा, पाळीच्या दिवसांत घेतलेल्या खोट्या रजा, हे आम्ही एकमेकींत बोलतो, प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये लिहीत नाही. सेफ्टी शूज पुरुषांच्या मापाचे मिळतात, त्यात मोज्यांच्या दोन जोड्या घालून चालायचं. उंचीवरच्या कामाचा पट्टा अंगावर सैल बसतो, आणि सैल पट्टा पडताना वाचवत नाही.

कायद्यानेही बाईची अशीच काळजी केली. १९४८ च्या कारखाने कायद्याचं कलम २२ काढून वाचा. चालत्या यंत्राची तपासणी किंवा त्याला तेल-ग्रीस करणं अटळ असेल, तर ते काम घट्ट कपडे घातलेल्या, खास शिकवलेल्या प्रौढ पुरुषाने करावं, असं त्यात होतं. बाईला चालत्या यंत्राला तेल द्यायला मनाई. पदर पट्ट्यात अडकेल ही भीती खरी होती. पण त्यावरचा उपाय, घट्ट कपडे आणि शिक्षण, त्याच कलमात लिहिलेला होता. तो पुरुषाला दिला. कलम ६६ ने बाईला संध्याकाळी सात ते सकाळी सहा कारखान्याबाहेर ठेवलं. त्यातली रात्रपाळीची मनाई मद्रास उच्च न्यायालयाने २००० मध्ये घटनाबाह्य ठरवली, कर्नाटकानेही पुढे अटींसह रात्रपाळी मोकळी केली. या अटी, म्हणजे ने-आणीची गाडी, उजेड, सुरक्षा, यांचा खर्च वाचवायचा म्हणून कित्येक मालक बाईच घेत नाहीत.

शेजारच्या तेलंगणातली हकीकत तर कालपरवाची आहे. २०१९ मध्ये तिथल्या दक्षिण वीज कंपनीने ज्युनिअर लाइनमनच्या जागा काढल्या आणि महिलांना अर्जच करता येईना. सिद्दिपेट जिल्ह्यातली बब्बुरी सिरिशा आणि आणखी काही जणी उच्च न्यायालयात गेल्या, न्यायालयाच्या आदेशाने खांब चढून दाखवला आणि नोकरी मिळवली. टेल्कोच्या जाहिरातीनंतर ४५ वर्षांनी पुन्हा तेच वाक्य, आणि तेही आमच्यापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर.

सोलापूर आम्हाला जवळचं, म्हणून रेल्वेचालक सुरेखा यादव आम्हाला आपल्या वाटतात. साताऱ्याच्या शेतकरी घरातली मुलगी, कराडच्या सरकारी तंत्रनिकेतनात विद्युत शाखेची पदविका, १९८९ मध्ये मध्य रेल्वेत सहायक चालक. मालगाड्या, लोकल, मग घाटातली इंजिनं. ८ मार्च २०११ ला त्यांनी डेक्कन क्वीन चालवली, १३ मार्च २०२३ ला सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली आणि सप्टेंबर २०२५ अखेर निवृत्त झाल्या. या ३६ वर्षांत त्यांचं चित्र पेपरात शेकडो वेळा आलं. इंजिनात स्वच्छतागृह नसल्याची चालकांची तक्रार मात्र त्या सगळ्या काळात पुरती सुटली नाही. सत्कार करणं सोपं पडतं, इंजिनाची रचना बदलायला पैसे लागतात.

बाईला असं काळजीने थांबवणं कॉलेजातच सुरू होतं. वर्कशॉपमध्ये फायलिंगचा जॉब मुलगी घासायला लागली की शेजारचा मुलगा म्हणतो, आण, मी करून देतो. प्रोजेक्टच्या गटात वेल्डिंग मुलं करतात आणि रिपोर्ट मुलींकडे येतो, कारण ‘तुझं अक्षर छान आहे’. वसतिगृहाचं दार संध्याकाळी बंद होतं आणि लॅब त्यानंतरही उघडी असते. चार वर्षांनी कॅम्पसला आलेली कंपनी म्हणते, मुलींना मशीनचा हात नाही. हात बसायला मशीन कुणी दिलं होतं? मुलींच्या वेगळ्या महाविद्यालयांबद्दल माझं मत याच कारणाने बदललं. १९९१ मध्ये महर्षी कर्वे संस्थेने पुण्यात कमिन्स महाविद्यालय काढलं तेव्हा मला वाटलं होतं, पुन्हा वेगळा वाडा कशाला? आता वाटतं, जिथे सगळ्या मुलीच आहेत तिथे लेथही मुलीलाच चालवावा लागतो.

मुलाखतीतले प्रश्न मी तोंडपाठ म्हणून दाखवीन. लग्न झालं का? कधी करणार? सासरचे बदलीला हो म्हणतील का? आमच्यापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात कवयित्री अक्कमहादेवी तिथल्या अनुभवमंटपात, म्हणजे शरणांच्या चर्चासभेत, आली तेव्हा अल्लमप्रभूंनी तिला आधी तिच्या नवऱ्याविषयी विचारलं, अशी परंपरा सांगते. तिने उत्तरं दिली, आणि मग तिथल्या सगळ्यांनी तिला मान दिला. आजच्या मुलाखतीत तो प्रश्न विचारून झाल्यावर पुष्कळदा दुसरा विचारतच नाहीत.

नोकरीच्या जागी लैंगिक छळ झाला तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसांच्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी, आणि त्याहून लहान ठिकाणच्या बाईसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती आहे. आमच्याकडचे बहुतेक ठेकेदार या दुसऱ्या प्रकारातले. मुलींनो, बिदर आणि कलबुर्गी या दोन्ही जिल्ह्यांच्या समितीचा पत्ता नोकरी लागण्याआधी लिहून ठेवा. पैशांची अडचण असेल तर एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला ५०,००० रुपये देते, पदविकेलाही आणि पदवीलाही, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत.

आणि वडीलधाऱ्यांना, ठेकेदारांना, कारखानदारांना माझं मागणं आहे. साइटवर पहिला खड्डा पायाचा घेता, त्याच दिवशी दुसरा स्वच्छतागृहाचा घ्या, घमेलंवालीसाठीही आणि इंजिनिअरसाठीही. तिने सांगितलेला आकडा दुसरीकडे फोन न लावता लिहून घ्या. या दिवाळीला भाची घरी येईल, मेकॅनिकल घेतलंय म्हणेल, तेव्हा तिला विचारा, लेथवर पहिला जॉब कुठला केलास?