मडगार्ड रुंदीकरण

मडगार्ड रुंदीकरण म्हणजे मोटारगाडीला मूळ मापापेक्षा रुंद टायर बसावेत यासाठी चाकावरील पत्र्याची कमान दुमडणे, कापणे किंवा बाहेरच्या बाजूस वाढवणे होय. काही हौशी वाहनमालक हे काम घरी करतात. मुंबईसारख्या शहरात ते बहुधा डेंटरकडे सोपवले जाते.

मापांचा हिशेब

टायरवरील १७५/६५ आर १४ या मापात १७५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ ही रुंदीच्या टक्केवारीतील बाजूची उंची आणि १४ हा रिमचा इंचांतील व्यास असतो. त्याऐवजी १९५/६० आर १४ टायर बसवल्यास रुंदी २० मिलिमीटरने वाढते. रिमचा ऑफसेट तोच असेल, तर त्यांपैकी सुमारे १० मिलिमीटर वाढ बाहेरच्या बाजूस होते. एकूण व्यास ५८३ वरून सुमारे ५९० मिलिमीटर होतो. व्यासातील फरक मोठा असल्यास वेगदर्शक चुकीचा वेग दाखवतो.

जुन्या गाड्यांचे टायर अरुंद असत. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या आणि मुंबईत २०२३ पर्यंत टॅक्सी म्हणून धावलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या टायरचे माप ५.२०-१४, म्हणजे रुंदी सुमारे १३२ मिलिमीटर होती.

पद्धती

* दुमडणे : कमानीच्या आतील काटकोनी कड वर वळवली जाते. चाक काढून हबवर रोलर बसवतात, रंग तडकू नये म्हणून पत्रा गरम हवेने तापवतात आणि रोलर हळूहळू अनेकदा फिरवतात. टायर व कड यांच्यामध्ये लाकडी दांडका धरून गाडी ढकलण्याची जुनी रीतही आहे. तिच्यामुळे पत्रा वेडावाकडा होण्याचा संभव असतो.
* कापणे : पुढील मडगार्ड बहुतेक गाड्यांत बोल्टने जोडलेले असल्याने बदलता येते. मागील कमान मात्र सांगाड्याला वेल्ड केलेली असते. तिची कड कापल्यास आतील व बाहेरील पत्र्यांचा जोड उघडतो. तो पुन्हा वेल्ड करून सीलरने बंद करावा लागतो.
* वाढवणे : फायबर किंवा प्लॅस्टिकची पट्टी कमानीवर बसवली जाते.

धोके

गाडी रिकामी व उभी असताना पुरेसे वाटणारे अंतर, चारही प्रवासी बसल्यावर आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर उरत नाही. खड्ड्यात स्प्रिंग दबताच तीक्ष्ण कड टायरची बाजू कापू शकते आणि टायर अचानक फुटू शकतो. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली काम करणे जिवावर बेतू शकते.

लालबाग-परळ भागातील चाळींना बंदिस्त गॅरेज क्वचितच असते व गाड्या रस्त्याकडेला उभ्या राहतात. समुद्राची खारी हवा आणि हिंदमाता परिसरात पावसाळ्यात साचणारे पाणी यांमुळे उघडा पडलेला पत्रा लवकर गंजतो. लांबी भरून रंग दिल्यास गंज केवळ झाकला जातो.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीस दुजोरा दिला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार अशा प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. विमा कंपनीस न कळवलेला बदल अपघातानंतरच्या दाव्यात वादाचा विषय ठरू शकतो.

उत्पादकाने त्याच गाडीच्या वरच्या श्रेणीस दिलेले टायर व रिम निवडल्यास बहुधा पत्र्यास हात लावावा लागत नाही.