अंधारात बुडणारा पालक

पालकाची चार ताजी पानं, कागदाला भोकं पाडायचं पंचिंग मशीन, सुई काढलेली दहा मिलीची सिरिंज, खाण्याचा सोडा, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब आणि दोन काचेचे पेले. विज्ञानाच्या तासाला टेबलावर एवढं सामान मांडलं की मुलं आधी हसतात. 'सर, आज भाजी का?' हे कुणीतरी म्हणतंच.

पाव लिटर पाण्यात दोन चिमटी सोडा विरघळवायचा आणि त्यात लिक्विडचा थेंब टाकायचा. पानाला लागणारा कार्बन डायऑक्साइड सोड्यातून मिळतो. लिक्विडमुळे पानाचा मेणचट थर ओला होतो. जाड शिरा टाळून पानाच्या दहा चकत्या पाडायच्या, सिरिंजमध्ये टाकायच्या, वर सोड्याचं पाणी ओढून घ्यायचं. उरलेली हवा बाहेर ढकलायची, तोंडावर बोट दाबायचं आणि दांडा मागे ओढायचा. पानाच्या आतल्या पोकळ्यांमधली हवा बारीक बुडबुड्यांनी बाहेर पडते आणि दांडा सोडला की तिच्या जागी पाणी शिरतं. दोन-तीनदा असं केलं की एरवी तरंगणाऱ्या चकत्या जड होऊन तळाला बसतात. मग त्या पेल्यात ओतायच्या आणि पेला उन्हाच्या खिडकीत किंवा एलईडी दिव्याखाली ठेवायचा. जुना पिवळा बल्ब नको, पाणी तापतं आणि उजेडाचा परिणाम कुठला आणि उष्णतेचा कुठला हे कळेनासं होतं.

पहिली पाच मिनिटं काहीच घडत नाही. मागच्या बाकांवर कुजबुज सुरू होते. मग एखादी चकती कडेवर उभी राहते, जरा डुलते आणि सुळकन वर येते. दहा-पंधरा मिनिटांत बहुतेक सगळ्या वर. उजेडात पानानं प्राणवायू तयार केला, तो आतल्या पोकळ्यांत साठला, चकती हलकी झाली. शेजारच्या पेल्यात सोडा न घातलेलं, उकळून गार केलेलं पाणी असेल तर तिथल्या चकत्या त्याच उजेडात तळाशी पडून राहतात.

बहुतेक वर्गांत प्रयोग इथे संपतो आणि पेला मोरीत रिकामा होतो. मला विचाराल तर तेव्हा निम्माच झालेला असतो. तोच पेला खोक्याखाली झाकून ठेवा, अधूनमधून हलकेच हलवा. चकत्या एकेक करून पुन्हा खाली जाऊ लागतात. त्यांनी साठवलेला प्राणवायू त्यांनीच वापरला. पालकाची चकती श्वसन करते, हे पाठ्यपुस्तकात दहा वेळा वाचून जे पटत नाही ते अशी बुडती चकती पाहून पटतं.

न पटण्याचं कारण आपल्या शिकवण्यातच आहे. प्रकाशसंश्लेषण दिवसपाळीचं काम आणि श्वसन रात्रपाळीचं, अशी विभागणी मुलांच्या डोक्यात घट्ट बसलेली असते. 'वनस्पती दिवसा ऑक्सिजन सोडतात आणि रात्री कार्बन डायऑक्साइड' हे वाक्य चूक नाही, पण त्यानं होणारा समज चुकीचा आहे. श्वसन चोवीस तास चालू असतं. भर उन्हात प्राणवायूची कमाई खर्चाच्या कितीतरी पट असते, म्हणून तो खर्च दिसत नाही, इतकंच. पगाराच्या दिवशी घरखर्च थांबतो थोडाच!

नुसतं श्वसन पाहायचं तर मटकी घ्यावी. मोड आलेल्या मटकीची पुरचुंडी सोडताना हाताला ऊब लागते, ती त्या दाण्यांच्या श्वसनाची. मूठभर मोड बंद बाटलीत ठेवून आतली हवा चुन्याच्या निवळीतून जाऊ दिली की निवळी दुधाळ होते.

दिवसपाळी-रात्रपाळीच्या या गोंधळात पडणारे आपण पहिले नव्हेत. 17 ऑगस्ट 1771 रोजी इंग्लंडमध्ये जोसेफ प्रिस्टली यांनी, मेणबत्ती विझून 'बिघडलेल्या' बंद हवेत पुदिन्याची काडी ठेवली. दहा दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळली. झाडं हवा शुद्ध करतात, असा निष्कर्ष निघाला. पण स्वीडनच्या कार्ल शेले यांना उलटाच अनुभव येत होता, झाडं हवा बिघडवत होती. खुद्द प्रिस्टलींनाही प्रत्येक वेळी तोच निकाल मिळेना. हा तिढा सोडवला यान इंगेनहाउझ या डच डॉक्टरनं. ऑस्ट्रियाच्या राजघराण्याला देवी टोचणारा हा माणूस 1779चा उन्हाळा लंडनबाहेरच्या एका घरात पाण्यात बुडवलेल्या पानांवरचे बुडबुडे बघत राहिला. त्यानं पाचशेच्या वर प्रयोग केले आणि त्याच वर्षी पुस्तक काढलं: हवा सुधारतात ते झाडाचे हिरवे भाग, तेही उजेडात. अंधारात सगळं झाड हवा बिघडवतं. झोपायच्या खोलीत झाड नको या धास्तीला त्याच्या निष्कर्षानं बळ दिलं असणार. पण एका कुंडीचा रात्रीचा श्वास खोलीत झोपलेल्या माणसाच्या मानानं अगदीच किरकोळ असतो.

दुसऱ्या टोकाला आपला पिंपळ आहे. तो रात्रीही ऑक्सिजन देतो, असा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतच असतो. प्राणवायू बाहेर पडतो तो पाण्याचा रेणू फुटल्यावर, आणि तो फोडायला प्रकाश लागतो. रात्री हे काम कुठलंच झाड करत नाही. काही वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतात हे मात्र खरं. निवडुंग, कोरफड, घायपात ही त्यांतली नेहमीची नावं. पानफुटीही त्यांतलीच. बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञानं भारतात असताना पानफुटीची पानं चाखून पाहिली. सकाळी आंबट चुक्यासारखी, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडसर. हे निरीक्षण 1815 साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापलं गेलं. रात्री घेतलेला वायू आम्लाच्या रूपात साठतो आणि दिवसा उजेडात वापरला जातो, हा त्या चवीचा अर्थ. पण प्राणवायू सुटतो तो दिवसाच. (पानफुटीत विषारी द्रव्यं असतात, मुलांना ती चाखायला लावू नये.)

आयोडीनच्या प्रयोगाबद्दलही एक तक्रार आहे. कुंडी दोन-तीन दिवस अंधारात ठेवायची, मग पानावर काळा कागद लावून उन्हात, मग स्पिरिटमध्ये गरम करून हरितद्रव्य काढायचं आणि आयोडीन टाकायचं. झाकलेला भाग पिवळट तपकिरी, उघडा भाग निळा-काळा. (स्पिरिट थेट ज्योतीवर कधीही नको. कडकडीत पाण्याच्या भांड्यात नळी उभी करावी, ज्योत विझवून.) प्रयोगवहीत अनुमान ठरलेलं: स्टार्च तयार व्हायला प्रकाश लागतो. पण अंधारातल्या त्या दिवसांत पानातला आधीचा स्टार्च गेला कुठे, हे कुणी विचारत नाही. काही श्वसनात खर्च झाला, काही साखर होऊन झाडाच्या इतर भागांत गेला.

हायड्रिला मिळत असेल तर चार परीक्षानळ्यांचा प्रयोग जरूर करावा. माशांच्या टाक्या विकणाऱ्यांकडे ही पाणवनस्पती मिळते. जगदीशचंद्र बोस यांनीही प्रकाशसंश्लेषणाच्या अभ्यासाला हीच निवडली होती. तिचे बुडबुडे आपोआप नोंदवणारं यंत्र त्यांनी केलं आणि 1924 साली त्यावर पुस्तक लिहिलं. आपल्याला यंत्र नको. पाण्यात ब्रोमोथायमॉल ब्लूचे (कार्बन डायऑक्साइड कमी झाला की निळा, वाढला की पिवळा होणारा दर्शक) थेंब टाकून, रंग हिरवट होईपर्यंत नळीनं फुंकायचं. तीन नळ्यांत हायड्रिलाची सारखी काडी, चौथी तशीच, सगळ्यांना बूच. एक उन्हात उघडी, एक फॉइलमध्ये गुंडाळलेली, एक मलमलीच्या दोन-तीन पदरांत. काही तासांनी उघडी नळी निळी होते, फॉइलमधली पिवळी, रिकामी तशीच हिरवट. मलमलीतली? पदर बरोबर पडले तर तीही हिरवटच राहते. आत झाड जिवंत आहे, दोन्ही कामं करतं आहे, पण कमाई आणि खर्च बरोबरीत आहेत. प्रत्येक झाडाची ही बरोबरी वेगळ्या उजेडाला होते. मनीप्लांट दिवाणखान्याच्या कोपऱ्यात तग धरतो आणि तुळस तिथे खंगते, त्यामागे हा हिशोब आहे. आपल्या डोळ्यांना वर्ग लख्ख वाटतो, पण भर दुपारचं ऊन लाखभर लक्सचं असतं आणि ट्यूबलाइटचा वर्ग जेमतेम तीनचारशे लक्सचा.

अडचण तासाची आहे, हे मान्य. पस्तीस मिनिटांत चकत्या वर येतात, खाली जायला जास्त वेळ लागतो. म्हणून शिक्षकांना एकच विनंती: घंटा झाली की पेला ओतून टाकू नका. त्यावर खोकं उपडं घाला, आणि पुढचे दोन तास झाल्यावर मुलांनाच ते उचलायला सांगा.